वरच्या दगडापर्यंत

पेट्रोलचा पंप नदीच्या पलीकडे आणि नावाड्याचं घर अलीकडे. त्यामुळे पेट्रोल आणायचं म्हटलं तरी आधी थोडं पेट्रोल जाळावं लागे. स्वस्ताईच्या दिवसांत हा गावातला विनोद होता. लोक नावेत बसून तो एकमेकांना सांगत आणि नावाडीही हसून साथ देई. भाव चढायला लागले तसं त्याने हसणं बंद केलं. लोकांनी विनोद चालू ठेवला.

पंपावर भावाचा फलक होता. पत्र्याचे इंग्रजी आकडे खिळ्यांना टांगलेले असायचे आणि पंपवाला सकाळी स्टुलावर चढून ते बदलायचा. त्या महिन्यात आकडे इतक्यांदा बदलले की त्याच्याकडचे नऊचे पत्रे संपले. मग त्याने सहाचा पत्रा उलटा करून तारेने बांधला.

नावाडी कॅन घेऊन खाली उभा होता.

"परवाच तर वाढलं होतं."

"परवाचं परवा. हे आजचं."

"पण कशामुळे?"

"वरून आलंय," पंपवाला स्टुलावरून उतरत म्हणाला.

वर म्हणजे कुठे हे नावाड्याने विचारलं नाही. पंपवाल्यालाही ते ठाऊक नसावं. त्याने नळी कॅनमध्ये घातली, आणि तेवढ्याच पैशांत मागच्या खेपेला जिथवर पेट्रोल आलं होतं त्याच्या चार बोटं खालीच ते थांबलं. नावाड्याने कॅन हलवून पाहिला. हलवल्याने पेट्रोल वाढत नाही हे त्याला माहीत होतं, तरी हलवला.

नावेत मात्र कारणांना तोटा नव्हता. सकाळच्या पहिल्या फेरीला ठरलेली माणसं असत. सुट्टीतही जादा वर्ग घ्यायला जाणारे पलीकडच्या शाळेचे हेडमास्तर, माल आणायला जाणारा दुकानदार, दवाखान्यातल्या नर्सबाई, आणि कर खात्यातून निवृत्त झालेले कारकूनकाका, जे पलीकडे फक्त चहा प्यायला जात. हेडमास्तर पेपर वाचून येत, दुकानदार बाजारातून ऐकून येई आणि काकांना काही वाचायची-ऐकायची गरजच नव्हती.

"मूळ कारण समजून घ्या," हेडमास्तर म्हणत. "तेल निघतं एका टोकाला, लागतं दुसऱ्या टोकाला. मधे समुद्रातली चिंचोळी वाट. तिथं भांडण झालं की इथं भाव चढलाच."

"भांडण आत्ता झालं, माल सहा महिन्यांमागचा," दुकानदार म्हणे. "व्यापारी दाबून ठेवतात हो."

"तुम्ही ठेवता तसा?" नर्सबाई विचारत.

"मी काय पेट्रोल विकतो?"

"निम्मा भाव म्हणजे करच असतो," काका शांतपणे सांगत. "आम्हीच लावायचो."

नावाडी सुकाणूवर बसून सगळं ऐके. प्रत्येक कारण त्याला पटे. अडचण एवढीच होती, की कारण पटल्याने इंजिन कमी पीत नव्हतं.

भाडं ठरवायचा अधिकार गावच्या कमिटीला होता आणि कमिटीचा अध्यक्ष दुकानदार. नावाडी त्याच्या दुकानात गेला, तेव्हा तो साखरेच्या पोत्यावरच्या पाटीवर नवा भाव लिहीत होता.

"साखर वाढली?" नावाड्याने विचारलं.

"वाढणारच. गाडी पेट्रोलवर चालते ना."

"तेच म्हणतोय मी. नावसुद्धा—"

"हे बघ," दुकानदाराने खडू खाली ठेवला, "साखर घ्यायची की नाही हे माणसाच्या हातात आहे. नदी ओलांडायची की नाही हे नाही. गरिबाची अडवणूक कमिटीला करता येणार नाही. थोडी कळ काढ."

कळ काढायची कशी, तेही त्यानेच सुचवलं. "तुझा बाप काय इंजिनावर नाव चालवत होता?"

त्या संध्याकाळी नावाड्याने माळ्यावरचा दोर खाली काढला.

घरात माणसं तीन. नावाडी, त्याचा म्हातारा बाप आबा, आणि बायको. बायकोला गाव मशीनवाली म्हणे, कारण लग्नात तिने शिलाईचं मशीन आणलं होतं आणि आल्या दिवसापासून ते थांबलं नव्हतं. सहा वर्षांमागे नावेला इंजिन घेतलं तेव्हा निम्मे पैसे शिलाईचे होते. त्यातलं निम्मं इंजिन कोणतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

या वर्षी तिच्याकडे मोठं काम आलं होतं. पलीकडच्या शाळेचे चाळीस गणवेश. दरवर्षी ते शहरातलं एक दुकान शिवायचं. ती तीन वर्षं हेडमास्तरांच्या मागे होती. शेवटी ते म्हणाले होते, "एक वर्ष बघतो. शाळा उघडायच्या आधी चाळीस जोड हातात पडले, तर पुढे दरवर्षी तुमचंच." शाळा उघडायला सव्वा महिना होता. निळ्या कापडाचा तागा कॉटखाली होता आणि मापांची वही मशीनच्या खणात.

दोर अंगणात पसरला तेव्हा ती काज करत होती. तिने दोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ओढणार कोण?"

नावाडी दोराला पडलेल्या गाठी सोडवत राहिला. आबांनी उत्तर दिलं.

"तुझी सासू ओढायची. दोन्ही पोरं पोटात असताना ओढली तिनं."

"आणि तुम्ही?"

"मी सुकाणूवर," आबा म्हणाले.

वरच्या धरणातून पाणी सोडल्याने त्या दिवसांत नदी भरून वाहत होती. पाण्याला असा जोर असला की वल्ह्यांवर नाव सरळ पलीकडे जात नाही, प्रवाह तिला खाली खेचतो. म्हणून जुन्या रीतीत नाव आधी काठाकाठाने वर ओढून न्यायची, तीनशे पावलांवरच्या मोठ्या दगडापर्यंत. तिथून सोडली की वल्ही मारता मारता ती वाहत वाहत पलीकडच्या धक्क्याला बरोबर लागते. परत येताना पलीकडच्या काठालाही तसंच. दिवसाला सहा फेऱ्या, म्हणजे बारा वेळा ओढणं. ओढणारं माणूस दगडापाशी नावेत चढतं आणि पलीकडे पुन्हा उतरतं.

"महिनाभराचा प्रश्न आहे," नावाडी म्हणाला. "भाव उतरला की इंजिन चालू. मास्तरच म्हणाले, असा भाव टिकत नसतो."

"माझे गणवेश?"

"संध्याकाळी मोकळीच आहेस की."

मोकळी या शब्दावर तिने काजाचा दोरा दातांनी तोडला. पण काम घरचं होतं, नाव घरची होती, आणि नाही म्हणायला तिच्याकडे त्या दिवशी एकही कारण तयार नव्हतं. कारणं सांगायची तिला सवयच नव्हती. तिने गणवेशाच्या ताग्यातली एक रुंद पट्टी घेतली, त्यात जुनी चादर चौपदरी घातली आणि स्वतःच्या खांद्याचं माप घेऊन दोराला लावायचा पट्टा शिवला. चार ओळी टीप मारली. पट्टा इतका नीट झाला की आबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"तिच्याकडे नुसतं गोणपाट होतं," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी काठावर बघे जमले. दुसऱ्या दिवशी निम्मे आले, तिसऱ्या दिवशी कोणी नाही. बाई नाव ओढते आहे याची गावाला तीन दिवसांत सवय झाली. पेट्रोलच्या भावाची मात्र अजून झाली नव्हती.

ती कमरेत वाकून चाले. पट्टा उजव्या खांद्यावरून छातीवर आडवा, दोर मागे ताठ, पाय काठच्या चिखलात घोट्यापर्यंत. पहिली शंभर पावलं जमीन टणक होती. पुढे वेताची बेटं, तिथे दोर अडकू नये म्हणून हात उंच धरून चालावं लागे. शेवटची शंभर सगळ्यात वाईट, कारण तिथे प्रवाह काठाला घासून जाई आणि नाव मागे खेचे. तिथे ती दर पावलाला थांबून श्वास घ्यायची. मागून पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू यायचं.

"मागणी आणि पुरवठा, बाकी काही नाही," हेडमास्तर सांगत. "आपण सगळे आळशी झालो. चार पावलं जायचं तरी गाडी. मग मागणी वाढणार नाही तर काय?"

"खरंय," दुकानदार म्हणे. "अंगमेहनत कुणाला नकोच आहे."

चिखलात तिचा पाय रुतला आणि नाव थांबली. नावेतलं बोलणंही थांबलं. सगळ्यांनी मिळून मान पुढे केली.

"जोर करा, बाई, जोर करा," काका म्हणाले.

पाय निघाला. दोर ताणला गेला. काकांनी कराचा मुद्दा जिथे सोडला होता तिथून उचलला.

चौथ्या दिवशी खांदा लाल झाला, सातव्या दिवशी काळानिळा. तिने पट्टा डाव्या खांद्यावर घेतला. नर्सबाईंनी दवाखान्यातून मलमाची नळी आणून दिली आणि म्हणाल्या, "लावून आराम करा." मग स्वतःच ओशाळल्या. मलम लावलं गेलं, आराम राहिला.

शिलाई रात्रीच्या जेवणाआधीच्या दोन तासांवर आली. पाय मशीनवर बसायचे, त्यांना बसल्याचंच सुख वाटायचं. पण उजवा हात कापडामागे सरळ जायला तयार नसे. एका संध्याकाळी तिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. आबांना दाखवला तेव्हा ते हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. टीप उसवायला एक तास गेला. त्या दिवशी गणवेश एकही पुरा झाला नाही.

"पूर्वी बरं होतं," आबा त्या वेळी म्हणाले. "ओढायला इतकं जड नव्हतं. लोक चालत जायचे ना वरपर्यंत."

तिची सुई थांबली. "कोण चालत जायचे?"

"उतारू. नाव रिकामीच ओढायची. माणसं काठाने चालत दगडापाशी जायची आणि तिथं बसायची. भरल्या नावेत बसून कोण ओढून घेईल?"

"हे तुम्ही आज सांगताय?"

"तू विचारलं नाहीस," आबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर माणसं जमली तेव्हा तिने पट्टा हातात धरूनच सांगितलं, "मंडळी, वरच्या दगडापर्यंत चालत याल का? नाव जरा हलकी होईल. पूर्वी तसंच असायचं म्हणे."

मग कारणं निघाली. हेडमास्तरांचे बूट होते, आणि चिखलाने भरलेले बूट घेऊन वर्गात गेलं तर मुलांवर काय संस्कार होणार. काकांचा गुडघा होता. दुकानदाराला तत्त्वाचा प्रश्न दिसला.

"भाडं या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंतचं घेता ना? मग दगडापासून का बसायचं?"

नर्सबाई धक्क्यावरून खाली उतरल्या आणि चपला हातात घेऊन चालायला लागल्या. त्या वजनाने सगळ्यांत हलक्या होत्या. नावेला फरक पडला नाही, पण मशीनवालीला पडला. तीनशे पावलं शेजारून कोणीतरी चालतंय, एवढंही पुरे वाटलं.

घरी नावाडी चिडला.

"गिऱ्हाईकाला चालायला सांगतात का कुणी? उद्या म्हणतील, आम्हीच चालतो, भाडं कमी करा."

"मग एक दिवस तुम्ही ओढा."

"आणि सुकाणू? तिथं जाणता माणूस लागतो. नाव काठावर आपटली तर फळी फुटेल. फळीला काय पडतं माहीत आहे?"

"आबा धरतील."

"आबांचे हात थरथरतात."

आबा त्या वेळी भिंतीला टेकून चहा पीत होते. बशी काठोकाठ भरलेली होती आणि एक थेंबही सांडला नव्हता. नावाड्याने तिकडे पाहिलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. तिच्यासाठी तो रोज पाणी तापवून ठेवायचा, आणि तिचे पाय चिखलाने फाटले तेव्हा कुठूनतरी मेणाची डबी घेऊन आला. पण खांद्यावर दोर घेऊन गावासमोर वाकायचं म्हणजे काय, हे त्याला लहानपणी आईकडे बघूनच कळलं होतं. म्हणूनच तर त्याला इंजिन हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती दोरा आणायला पलीकडच्या बाजारात गेली. दोऱ्याचं दुकान पंपाला लागून होतं. तिने सहज वर पाहिलं. नऊचा सहा झाला होता. तार सोडून पत्रा सरळ टांगला होता. ती थोडा वेळ फलकाखाली उभी राहिली.

"कमी झालं?" तिने पंपवाल्याला विचारलं.

"झालं."

"कशामुळे?"

पंपवाल्याने खांदे उडवले. "वरूनच."

वाढताना शंभर कारणं, उतरताना एकही नाही, याचं तिला नवल वाटलं. पण ती खुशीत परतली. नाव सुटायच्या आत तिने नवऱ्याला गाठलं.

"सहा झालंय. मी बघून आले."

"मला माहीत आहे," नावाडी म्हणाला. "परवाच झालं."

"परवा? मग इंजिन?"

नावाड्याने सुकाणूवरची बोटं पुसली. "एवढ्याने काय होतंय? आधी किती होतं ते बघ ना. आणि हा भाव टिकायचा नाही. बाजार अजून स्थिर नाही."

बाजार स्थिर नाही, हे शब्द त्याचे नव्हते. ते हेडमास्तरांचे होते आणि ते कोणत्या वळणावर बोलले होते हेही तिला आठवलं, कारण तेव्हा तिचा पाय चिखलात होता.

आठवड्याने भाव आणखी उतरला. आता त्याच्याकडे दुसरं कारण होतं. इंजिन बरेच दिवस बंद होतं, प्लग बदलायला हवा, तेल बदलायला हवं, उगाच चालू करून बिघडलं तर. ती ऐकत होती. शेवटी तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आणि आता तर जमायला लागलंय की तुला."

त्या रात्री तिने खांद्याला मलम लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. इतके दिवस दुखत होतं ते खांद्यात होतं. आता कुठे दुखतंय ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण राग आला होता, आणि तो पेट्रोलवर नव्हता.

बावीस गणवेश झाले होते. शाळा उघडायला आठ दिवस होते. रोज दोन म्हटले तरी सोळा. दोन कमी पडत होते आणि रोज दोन होत नव्हते.

सोमवारी सकाळी ती धक्क्यावर पट्टा अडकवत होती. माणसं नावेत बसली होती. आबाही काठावर आले होते, ऊन खायला ते रोज तिथल्या ओंडक्यावर बसत. हेडमास्तर नावेतूनच वाकून म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. गैरसमज करून घेऊ नका."

तिने पट्टा धरलेला हात थांबवला.

"उरलेले अठरा जोड मी शहरातल्या दुकानाला सांगितलेत. मुलांना पहिल्या दिवशी गणवेश हवेत. माझा नाइलाज आहे."

"आठ दिवस आहेत अजून."

"आहेत. पण तुमच्याने ते व्हायचं नाही. आणि यात तुमच्या कष्टाबद्दल तक्रार नाही. उलट, तुम्ही दिवसभर किती राबता ते आम्ही रोज डोळ्यांनी बघतोच आहोत."

"आणि पुढचं वर्ष?"

"पुढचं वर्ष..." हेडमास्तरांनी नदीकडे पाहिलं. "दुकानवाला म्हणतो, अर्धं काम परवडत नाही. पुढच्या तीन वर्षांचं लिहून द्या म्हणतो. त्याचंही बरोबर आहे. कापड महागलंय, वाहतूक महागली. शेवटी सगळं येतं ते पेट्रोलवरच."

"पेट्रोल उतरलंय, मास्तर," नर्सबाई म्हणाल्या.

"उतरलंय, पण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो," काका म्हणाले. "वाढलेलं लगेच दिसतं. उतरलेलं झिरपत झिरपत येतं."

"कराचं तसंच असतं," दुकानदार म्हणाला.

"चला, उशीर होतोय," सुकाणूवरून नावाडी म्हणाला.

मशीनवालीने पट्टा खांद्यावरून काढला. दोर धक्क्याच्या खुंट्याला दोन वेढे देऊन बांधला, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने पाचाचं नाणं काढलं, नावेत पाय टाकला आणि भाड्याच्या डब्यात ते टाकलं. डबा पत्र्याचा होता, आवाज सगळ्यांना ऐकू गेला. हेडमास्तर आणि दुकानदार यांच्या मधे जेमतेम जागा होती. तिथे ती बसली. पाय चिखलाचे होते म्हणून हेडमास्तरांनी आपले बूट आत घेतले.

"हे काय?" नावाडी म्हणाला.

"पलीकडे जायचंय. दवाखान्यात. खांदा दाखवायचाय."

"अगं, मग ओढणार कोण?"

तिने हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या काठाकडे बघत राहिली. मग शेजारी वळून म्हणाली, "बोला ना, मास्तर. कशामुळे वाढलं म्हणालात?"

हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि तो साफच ठेवला.

"इंजिन लाव की," दुकानदार नावाड्याला म्हणाला.

नावाडी इंजिनापाशी गेला. त्याने दोरी एकदा ओढली, दोनदा ओढली, सात वेळा ओढली. चार आठवडे बंद असलेलं इंजिन खोकललं आणि गप्प झालं. निदान ते कारण तरी त्याने खरं सांगितलं होतं. तो घामेजला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"सुकाणू सोडून मी ओढू कसा?" तो बायकोला हळू आवाजात म्हणाला. "समजून घे जरा."

ओंडक्यावरून आबा उठले. काठी त्यांनी तिथेच टेकवून ठेवली. नावेत चढायला त्यांना वेळ लागला, नर्सबाईंनी हात दिला. ते मागे जाऊन बसले, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांत धरला आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिला. हात थरथरत नव्हते.

"उतर," ते मुलाला म्हणाले. "मीही उतरायला हवं होतं. तुझ्या आईनं कधी म्हटलं नाही, म्हणून राहिलं."

नावाडी उतरला. त्याने दोर सोडवला, पट्टा खांद्यावरून घेतला. तो पट्टा त्याच्या खांद्याला होत नव्हता, काखेत रुतत होता. त्याने एकदा वळून बायकोकडे पाहिलं.

"माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली.

तो वाकला. नाव हलली. पहिली शंभर पावलं तो चांगला चालला, पाठ ताठ ठेवूनसुद्धा ओढता येतं हे दाखवत असल्यासारखा. वेताच्या बेटांत दोर अडकला आणि त्याला मागे येऊन सोडवावा लागला. पुढे चिखल लागला. त्याची पाठ वाकली, मग मानही. काठावरून दोन बायका कपडे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. जिथे प्रवाह काठाला घासून जातो तिथे त्याचा पाय रुतला, आणि नाव हातभर मागे गेली. आबांनी ती सुकाणूने सावरली. फळी काठाला लागली नाही.

नावाडी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. छाती भात्यासारखी चालली होती. नावेतून कोणी जोर करा म्हणालं नाही.

मग त्याने मान वर केली.

"मंडळी," तो म्हणाला, "जरा उतरा. वरच्या दगडापर्यंत चालत या."

दुकानदाराने तोंड उघडलं. नावाडी त्याच्याकडे बघत राहिला, आणि दुकानदाराने ते मिटलं. नर्सबाई आधीच उतरल्या होत्या. काका गुडघा धरून उतरले. हेडमास्तरांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट वर दुमडली आणि पांढरे पाय चिखलात टाकले. दुकानदार शेवटी उतरला.

ते एका ओळीत काठाने चालायला लागले. पुढे नावाडी दोर ओढत होता. सुकाणूवर आबा होते. मशीनवाली नावेतच बसून राहिली. तिने भाडं भरलं होतं.